समावेश झाला म्हणून अपात्र ठरलेल्या आठ युवकांबाबत

दिनांक : ११ मार्च

प्रति,
मा. युवक समावेशन अधिकारी,
क्रीडा विभाग, तिसरा मजला (सध्या दुसरा)

विषय : ओरिएंटीअरिंग प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र नाकारल्याबाबत व होकायंत्रे परत मागितल्याबाबत.
संदर्भ : आपली दोन पत्रे, एकाच दिवशी निघालेली.

महोदय,

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे हँडबॉल शिकवते. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात ठरवलेल्या खुणा शोधत धावायचे, या खेळाला ओरिएंटीअरिंग म्हणतात आणि त्यातून एकाकी पडलेली मुले इतरांत मिसळतात, असे आपण कळवले. सबब अर्जदार तीन दिवसांच्या प्रशिक्षणास हजर राहिली. पहिला दिवस स्वागतात गेला. दुसऱ्या दिवशी 'दुर्लक्षित युवक' या विषयावर पडद्यावर एकशे चार चित्रे दाखवली. खरे आठ दुर्लक्षित युवक तेव्हा बाहेर बसमध्ये बसून होते.

२. तिसऱ्या दिवशी बारा प्रशिक्षकांना तज्ज्ञांसह झाडीत सोडले. नकाशा जुना, त्यातल्या तळ्याच्या जागी आता सिमेंटचे गोदाम आहे. कबड्डी प्रशिक्षक छाती पुढे काढून थेट गोदामात शिरले. तज्ज्ञ "माझ्या मागे या" म्हणत निघाले आणि मागे कुणी नाही हे त्यांना तासाभराने कळले. अर्जदारही काटेरी झुडपात अडकली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

३. चालकाने बसमधल्या मुलांना बजावले होते, "फोटोला बोलावतील तेव्हाच उतरायचं!" त्यांतल्या एका मुलीला जन्मापासून ऐकू येत नसल्याने ही बंदी तिला लागू पडली नाही. तिने शिल्लक नकाशा उचलला आणि एकेका प्रशिक्षकाला बाही धरून बसपाशी आणून सोडले. अर्जदार होकायंत्र उलटे धरून उभी होती. ते तिने न हसता सरळ करून दिले. एकोणीस वर्षांची गुर्मी तिथेच उतरली.

४. तेव्हापासून दर रविवारी अर्जदार त्या आठ जणांना आणि आपल्या योजनेतून मिळालेली होकायंत्रे घेऊन झाडीत जाते. नकाशा वाचायला ती मुलगीच शिकवते. शेजारच्या मोठ्या शाळेतली पंधरा मुले आपणहून येऊ लागली. हीच मुले पूर्वी तिला 'मुकी' म्हणून चिडवत. आता तिच्या खाणाखुणा आधी कोण शिकणार यावरून भांडतात. एकाची आई अर्जदाराला म्हणाली, "बाई, हा घरीसुद्धा हातवारेच करतो हो! भाजी हवी तर तोंड उघडायला नको का?"

५. आता आपली पत्रे. पहिल्यानुसार, अर्जदार स्वतःच्या हिमतीवर परतली नाही, सबब प्रमाणपत्र नाही. (तज्ज्ञांना मिळाले.) दुसऱ्यानुसार, आठही युवक इतरांत मिसळल्याचे आढळल्याने ते दुर्लक्षित राहिलेले नाहीत; सबब योजनेस अपात्र, होकायंत्रे जमा करावीत. पुन्हा पात्र होण्यासाठी त्यांनी किती महिने एकटे बसावे, हे पत्रात नमूद नाही. वर त्या मुलीला आपण सुनावणीस बोलावले. सुनावणीस, महोदय.

६. ती सोमवारी आली. आपले दालन हलवल्याने लोक सकाळपासून जिन्यात वरखाली करत होते. तिने ते पाच मिनिटांत शोधले. आपण नव्हता. वाट पाहता पाहता तिने नोटिशीच्या पाठीवर साऱ्या इमारतीचा नकाशा काढला. शिपाई आता त्याच्या प्रती दारात वाटतो. "निदान माझं डोकं खायचं तरी थांबले सगळे," असे त्याचे म्हणणे. नकाशात आपली खुर्ची 'खड्डा' या खुणेने दाखवली आहे. त्यास अर्जदार जबाबदार नाही.

७. तरी विनंती की, होकायंत्रे मुलांकडे राहू द्यावीत आणि पुढच्या प्रशिक्षणास तज्ज्ञ म्हणून त्या मुलीला, दुभाष्यासह, नेमावे. अर्जदाराच्या प्रमाणपत्राचे मागाहून पाहता येईल. लेखी उत्तराची तसदी घेऊ नये. गुरुवारी अकरा वाजता तेवीस मुले अर्जदारासह ते घ्यायला येत आहेत. रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे.

आपली नम्र, पण गुरुवारी येणारी,
(सही)
हँडबॉल प्रशिक्षिका

सोबत : १) दोन्ही पत्रांच्या प्रती. २) इमारतीचा नकाशा, आपल्यालाही दालन सापडावे म्हणून.