लोव्हेट काउंटीची रहिवासी

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

ओडेसाबाई, मीच मला सांगतेय, ही वही तुझ्यासाठीच आहे. तुला वाचता येत नाही, एवढं तरी लक्षात आहे ना? बाकी सगळं विसरलीस. पर्समधल्या, पिस्तूल बाळगायच्या परवान्याची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते, हेसुद्धा जावयाने, थर्मनने सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हा आजपासून मी बोलायचं, थर्मनने लिहायचं आणि रविवारी वाचून दाखवायचं. तीस वर्षं पोस्टमन होता तो, लोकांची पत्रं वाटत फिरला. आता एका बाईची वही लिहिली तर हात झिजणार नाहीत. नाहीतरी रिटायर झाल्यापासून खुर्ची झिजवण्यापलीकडे काही करत नाही. (हेही लिही, थर्मन. गाळू नकोस.)

निश्चय: अलाबामाला जायचं, शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या कचेरीत परवाना पुढे पाच वर्षांसाठी करून घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम.

१० सप्टेंबर

थर्मनने शंका काढली. म्हणे, शेरीफ परवाना देतो तो त्याच्या काउंटीत राहणाऱ्याला. मी म्हणाले, मग मी कुठे राहते? तो म्हणाला, इथे, इलिनॉयमध्ये, मागच्या खोलीत, चार वर्षं.

चार वर्षं काय. मी वर्नेटाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेय. लेकीचं दुखणं म्हटलं की आई येते. गुडघा बरा झाला की जाईन, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणते, बरा होऊन तीन वर्षं झाली. मंगळवारी आणि गुरुवारी नाचाच्या क्लासला जाते, तेव्हा म्हणत असेल. पण जिना उतरताना तिचा चेहरा मी बघते ना. तिला काय कळतं आपल्या गुडघ्यातलं.

१२ सप्टेंबर

वर्नेटाने विचारलं, आई, पिस्तूल इथे नाहीच, तर परवाना हवाय कशाला?

नाही, हे खरं. निघाले तेव्हा थर्मन ते गाडीत घ्यायला तयार होईना. इलिनॉयचे कायदे वेगळे, तिथे राहणाऱ्याला तिथलं वेगळं कार्ड लागतं, असं काहीतरी पुटपुटत होता. म्हणून ते शेजारच्या ओझेलच्या कपाटात, उशांच्या अभ्र्यांखाली राहिलं. पर्समध्ये राहिला नुसता परवाना. लोक पिस्तूल लपवून बाळगतात, मी चार वर्षं परवाना लपवून बाळगतेय.

पण त्यावर काय लिहिलंय ते मला न वाचताही ठाऊक आहे. ओडेसा पर्विस, लोव्हेट काउंटी, अलाबामा. घर विकलं, नवरा गेला, माझा रूफस, कोंबड्या ओझेलला दिल्या. मी तिथली आहे असं सांगणारा एवढा एकच कागद उरलाय. हे मी वर्नेटाला सांगितलं नाही. ती रडायला लागते आणि मग चहा मलाच करावा लागतो.

१५ सप्टेंबर, रविवार

थर्मनने वही वाचून दाखवली. खुर्चीचं वाक्य भरभर वाचलं. पुन्हा वाचायला लावलं.

मग म्हणतो, अलाबामात हल्ली परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तेव्हा एवढी धडपड कशाला. मी म्हणाले, परवान्याशिवाय कोणीही हिंडेल. तूसुद्धा.

२० सप्टेंबर

कागद गोळा केले. म्हणजे मी सांगितलं, थर्मनने केले.

अलाबामाचं ओळखपत्र: मुदत संपलेली. त्याला काय होतं? फोटोतली बाई मीच आहे.

इलिनॉयचं ओळखपत्र: हे वर्नेटाने डॉक्टरला दाखवण्यापुरतं काढलं. घरी ठेवायचं.

मतदान: मार्चमध्ये मी इथे मत दिलं खरं. वर्नेटा निघालीच होती, गाडीत जागा होती, वर मत दिल्याचा, कोटाला लावायचा स्टिकर मिळणार होता. ते मी पाहुणी म्हणून दिलं. थर्मन म्हणाला, मिस ओडेसा (आमच्याकडे लग्न झालेल्या म्हातारीलाही मानाने मिस म्हणतात), पाहुण्यांना मत नसतं. मी म्हणाले, त्यांनी मला हाकललं नाही. 

चर्च: इथल्या चर्चने मला देखरेखीखाली घेतलंय. परगावाहून आलेल्या माणसाला असं तात्पुरतं घेतात. सभासदत्व गावच्या चर्चमध्येच राहतं, इथे नुसता हातपंखा आणि बाक मिळतो. पाद्री मागे लागलाय की मदर पर्विस, आता तुमचं सभासदत्वाचं पत्र इकडे मागवू या, देखरेख चार वर्षं नसते. मी म्हणाले, तुमचं प्रवचन दीड तास चालतं, त्याला मी काही म्हणते का?

२७ सप्टेंबर

ओझेलला फोन. योजना सांगितली: शेरीफकडे पत्ता तिच्या घराचा द्यायचा. तिच्याकडे माझं पिस्तूल आहे, कोंबड्या आहेत, हिवाळ्याचा जाड कोट आहे. माणसाचा कोट जिथे, तिथे माणूस.

ओझेल म्हणाली, अगं, तो कोट मी चर्चच्या सेलला दिला. तू चार हिवाळे इकडे फिरकली नाहीस. आणि कोंबड्यांतली एकही उरलेली नाही.

ही माझी सत्तर वर्षांपासूनची मैत्रीण.

पण पत्ता द्यायला हो म्हणाली. विचारलं तर काय सांगू, असं विचारत होती. मी म्हणाले, खरं ते सांग, तुझ्याकडे माझी खोली आहे. ती म्हणाली, तिथे आता शिलाई मशीन आहे. मी म्हणाले, मशीनला परवाना लागत नाही, ते सरकव.

३ ऑक्टोबर

निघायची तारीख ठरली, १०. कचेरीत बोलायचं मी, थर्मनने उभं राहायचं. तिथल्या खिडकीवर टॅमिको बसते. तिच्या आजीबरोबर मी वाटाणे सोलायला बसायचे, तिच्या आईला कांजिण्या झाल्या तेव्हा रात्रभर मी जागले. ती मला पत्ता विचारणार? वर्नेटा म्हणाली, विचारेल आई, तिचं कामच आहे ते. वर्नेटा इतकी वर्षं उत्तरेत राहून पार बिघडलीय.

१० ऑक्टोबर, सायंकाळी ७

पोचलो. अकरा तास म्हणाला होता, चौदा लागले. थर्मन गाडी अशी चालवतो जसं काही दर घरापाशी पत्र टाकायचंय.

ओझेलने मशीन सरकवलं नाही. मी त्याच्याशेजारी खाटेवर. उद्या दुपारपर्यंत नवा परवाना हातात. तिला म्हणाले, आता आठवडाभर राहीन म्हणते. ती म्हणाली, सोमवारी तुझी डॉक्टरची वेळ आहे ना?

११ ऑक्टोबर, दुपारी १२

थोडा उशीर झालाय, बाकी सगळं ठीक.

११ ऑक्टोबर, ४ वाजता

लिही, थर्मन. जसं घडलं तसं, तुझ्या चेहऱ्यासकट नको.

आमच्या काउंटीत कुणी ख्यालीखुशाली विचारली तर नीट, भरपूर उत्तर द्यायचं. मोघम बोललं की आईबापांनी काही शिकवलं नाही असं म्हणतात. टॅमिकोने खिडकीतून हात धरला. मिस ओडेसा, किती छान दिसताय, कधी आलात? म्हणाले, काल संध्याकाळी. प्रवास कसा झाला? थर्मनच्या गाडीचं सगळं सांगितलं, खूप हसली. किती दिवस मुक्काम? म्हणाले, रविवारी निघायचंय, सोमवारी माझ्या पायाचा डॉक्टर आहे, चार वर्षं तोच बघतो, हात फार हलका. तिकडे करमतं का? म्हणाले, थंडी मेली हाडात जाते, पण माझी खोली मागच्या बाजूला आहे, ऊन येतं, आणि चर्चमध्ये मला दुसऱ्या रांगेतला बाक आहे. थर्मन मागे सारखा खोकत होता. मला वाटलं घसा धरलाय. पेपरमिंट दिलं.

तिचं पेन पत्त्याच्या चौकटीपाशी थांबलं होतं.

हळूच म्हणाली, मिस ओडेसा, इथे सही करायची म्हणजे शपथेवर सांगायचं की मी या काउंटीत राहते. तुम्ही सहीऐवजी फुली मारलीत तर मी कागद पुढे पाठवीन. पण मला आत्ताच सगळं सांगितलंत तुम्ही. मागे रांग होती, तरी ती घाई करत नव्हती. त्यापेक्षा तिने ओरडायला हवं होतं.

मी पेन घेतलं. पेन चालेना.

थर्मन म्हणतो, पेन चालत होतं.

मी तिला म्हणाले, ठीक आहे पोरी, पुन्हा येईन, आता घरी जायला उशीर होतोय, दोन दिवसांत बर्फाचा अंदाज आहे. ती म्हणाली, इथे? ऑक्टोबरात? मी म्हणाले, इथे नाही गं, घरी.

  थर्मनने दरवाजा धरला.

१३ ऑक्टोबर, गाडीत

तेरा तास. बोलायचं नाही, असा निश्चय केला आणि पाळला. थर्मन म्हणाला, मिस ओडेसा, वहीत काही लिहायचंय का? म्हणाले, तू गाडी चालव.

पुढच्या वेळचा निश्चय: टॅमिकोशी फक्त हवापाण्यावर बोलायचं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

परवा पायाच्या डॉक्टरने विचारलं, गावाला जाऊन आलात? म्हणाले, हो, चार दिवस. त्याने लिहून घेतलं.

बर्फ पडला नाही. अंदाज सांगणारे इथलेही थर्मनसारखेच.

ओझेलला पत्र, थर्मन, आणि नीट अक्षरात:

ओझेल, पिस्तूल राहू दे, नाहीतर तुझ्या पुतण्याला दे. मशीन जिथे आहे तिथेच ठेव. खोलीत उजेड चांगला येतो, शिवणाला बरा. थर्मन पत्ता खाली लिहितोय. वर माझंच नाव घाल, त्याच्या मार्फत वगैरे लिहू नकोस. इथे टपालवाला मला नावाने ओळखतो. तुझ्या हातचा मस्कडाइन द्राक्षांचा मुरंबा दोन बरण्या पाठव, झाकणं घट्ट लाव. डुकराच्या मानेची धुरावर सुकवलेली हाडं मिळाली तर तीही, इथली म्हणजे नुसतं मीठ. पेकान अक्रोड दहा पौंड पाठव, आणि सोललेले नकोत, कवचासकट. हिवाळा इथे एप्रिलपर्यंत असतो, सोलत बसेन मी.