ओ पोचेपर्यंत

३ ऑक्टोबर

आले एकदाची. दोन पेट्या, एक वळकटी आणि बाबांनी शिवलेला कोट. बाबा शिंपी आहेत, मापात त्यांचा हात कधी चुकत नाही, पण हा कोट इतका सैल झालाय की आत अजून एक मी मावेन. त्यांचं म्हणणं, तिकडच्या थंडीत आत दोन स्वेटर घालावे लागतील, म्हणून मुद्दामच.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. पलंग, टेबल, कुरकुरणारं कपाट. खिडकीतून समोरच संस्थेची इमारत दिसते, करडी आणि सपाट छपराची, शाळेसारखी. तिथे युरेनसवर यान पाठवायची आखणी चालते आणि उद्यापासून त्या आखणीत मी असेन. निघताना धाकट्याने विचारलं होतं, पदवीबाई, तुमचा तो ग्रह आपल्या गच्चीवरून दिसतो का. नुसत्या डोळ्यांनी दिसणं कठीण म्हटल्यावर म्हणाला, मग एवढं शिकून फायदा काय झाला.

आईला फोन केला. फोनवरही तिची तीच पद्धत. आधी ‘चिमे’ अशी हाक, मग गप्प. मी ‘ओ’ म्हटल्याशिवाय पुढचा शब्द नाही. लहानपणी मी कुठेही खेळत असले तरी हाकेसरशी ओ द्यायची, हा आमच्या घरातला एकुलता एक कायदा. सकाळी दारात माझ्या तोंडून ‘जाते’ निघालं तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि ‘येते’ म्हणवून घेतलं. डिसेंबरात सुटी मिळेल तेव्हा घरी जायचं ठरलंय. तसं वचनच दिलंय मी.

५ ऑक्टोबर

इथले प्रमुख मास्तर म्हणून ओळखले जातात. सकाळी खाली स्वागतकक्षात मी त्यांना नमस्कार केला, तर ते तसेच पुढे गेले. तिथल्या बाईंनीही केला, त्यांनाही उत्तर नाही. मोठा माणूस विचारात असेल, असं मी मनाशी म्हटलं. वर दालनात मात्र ते वेगळेच. भरभरून बोलतात, चहा स्वतः ओततात. दुसऱ्या थंडीताई. यानाला थंडीपासून सांभाळायचं काम त्यांचं, म्हणून हे नाव. अंगावर पातळ सुती कपडे, आणि खिडकी सताड उघडी.

यान पोचायला बरीच वर्षं लागतील. पोचल्यावर ते एक कुपी खाली ढगांत सोडणार. खाली जमीन नाहीच. कुपी पडतच राहणार, दाबाने चिरडेपर्यंत, आणि तोवर जे दिसेल ते कळवत राहणार. किती खोलवर तिचा आवाज आपल्यापर्यंत पोचेल, ते मला काढायचंय. तिथून निघालेल्या संदेशाला, प्रकाशाच्या वेगाने येऊनही, अडीच तासांहून जास्त लागतात. म्हणजे तिचा शेवटचा शब्द आपल्याला ऐकू येईल तेव्हा ती केव्हाच संपलेली असेल. तेव्हा मी चाळिशीला टेकलेली असेन. असं काम मिळावं म्हणूनच तर शिकले.

माझ्या खुर्चीवर आधी एक मुलगी बसायची. तिचा मफलर अजून खुंटीला आहे. बदली झाली का, असं मी विचारलं. थंडीताई हसल्या. बदली कसली, म्हणाल्या, ती इकडेच आहे.

११ ऑक्टोबर

इथली एक रीत लिहून ठेवते. रोज सकाळी दालनाचं दार लावून सगळे गोल बसतात, डोळे मिटतात आणि आपण ग्रहावरच आहोत असं धरून आजूबाजूला काय आहे ते सांगतात. याला ते बैठक म्हणतात. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, तिथे वारा असेल. मास्तरांनी हळूच सुधारलं: इकडे वारा आहे. यान जाणार नाही, येणार. पाहुणा कसा येतोय हे घरच्यांच्या बाजूने बघितलं की आखणीत चूक राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. पटलं मला. दोन दिवसांत जमायलाही लागलं. डोळे मिटले की फिका निळा उजेड, खाली तळ नाही, आणि सगळं एका कुशीवर कललेलं.

आईची तक्रार, फोनवर माझी ओ उशिरा येते. मी तर लगेच देते. धाकटा मागून ओरडला, पदवीबाई आता विचार करून ओ देतात. हसले, पण फोन बदलून घ्यायला हवा.

१९ ऑक्टोबर

मफलरवाली कुठल्या खोलीत बसते ते कोणी सांगत नाही. जेवणघरात शोधलं, खालच्या मजल्यावर शोधलं. विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, इकडेच आहे, आणि लगेच विषय बदलतात. काहीतरी लपवतायत. भांडून गेली असेल का? की काढून टाकली?

स्वागतकक्षातल्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ रोज बसलेले असतात. दाराकडे पाठ, जिन्याकडे तोंड. बाईंना विचारलं. त्या आधी नुसत्या बघत राहिल्या, मग प्रश्न आत्ताच ऐकल्यासारख्या दचकल्या. म्हणाल्या, ते तुमच्या जागेवरच्या मुलीचे वडील. ती इथेच कामावर आहे असं त्यांना सांगितलंय, तर ते तिला हाक मारतात आणि ओची वाट बघत बसतात.

२४ ऑक्टोबर

आज दुपारी जेवायला सगळ्यांच्या आधी उतरले. खाली कोणी नव्हतं. मास्तर वर दालनात होते, त्यांची सावली काचेवर दिसत होती. आणि माझ्या कानाशी, रिकाम्या जागेत, त्यांचा आवाज: नमस्कार, नमस्कार, कसं काय बाई. अगदी शांत, हसरा.

कुठेतरी ध्वनिवर्धक लपवलेला असणार. भिंती तपासल्या. नाही सापडला. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, सकाळी बाईंनी नमस्कार केला होता ना, त्याला उत्तर दिलं होतं, पोचलं म्हणायचं. आणि थंडीताई हसल्या. थट्टा असेल माझी, नवी आहे म्हणून.

तरी थंडीताईंच्या खिडकीचा संशय येतो. बाहेर दव गोठून पानं कडक होतात आणि त्या बाई हातपंखा घेऊन बसतात.

३० ऑक्टोबर

म्हातारेबाबा पाणी प्यायला उठले होते. बाक रिकामा. मी जिन्यावर होते. तेवढ्यात बाकासमोरच्या हवेतून एका मुलीचा आवाज आला. “ओ बाबा. आले, आले, इथेच आहे.” आणि बंद.

ते परतले तेव्हा मी धावत खाली जाऊन सांगितलं, तुमची मुलगी बोलली, आत्ता, इथे. ते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, काय हवंय बाळ, बोलत का नाहीस? मी हात हलवून, ओरडून सांगितलं. ते मान हलवून खाली बसले. मी हरले, जिना चढून दालनाच्या दाराशी पोचले, आणि तेव्हा कुठे खालून त्यांचा हंबरडा ऐकू आला.

तेव्हा कळलं. फोन बिघडलेला नाही. मी उशिरा पोचतेय.

त्यानंतर ते दिवसभर बाकावरून उठले नाहीत. उद्यापासून पाण्याची बाटली घरून आणेन म्हणाले.

३ नोव्हेंबर

बैठकीला बसले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. मास्तर रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, असू दे, सवयीने आता डोळे उघडे ठेवूनही बसता येईल तुला.

त्यांना स्पष्ट विचारलं, इकडे म्हणजे कुठे. ते समजावून सांगू लागले, आदर्श शिक्षकासारखे. यान पाठवून काय कळणार, कुपी चिरडली की संपलं. इकडे, ग्रहावर, राहणारं माणूस हवं. कोणावर जबरदस्ती नाही, ज्याला मनापासून हवं असतं तोच येतो. तुझ्याइतकं मनापासून कोणी आलं नव्हतं, म्हणाले.

खरं आहे ते. म्हणूनच भीती वाटते.

उद्या घरी जाते. डिसेंबर गेला खड्ड्यात. येते. घरी येते, असं लिहायचं होतं.

४ नोव्हेंबर

स्थानकावर गेले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कुठलं तिकीट. मी सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. सांगितलं. मागचे लोक कुजबुजले, मुकी आहे बिचारी, लिहून द्या म्हणावं. कागदावर गावाचं नाव लिहून दिलं. त्याने कागद उलटसुलट करून बघितला. कोरा आहे, बाई.

मला शाई दिसत होती.

बाजूला झाले. गाडी आली, डब्याच्या दारावर हात ठेवला, दांडा हाताला लागला नाही. म्हणजे लागेल. पुढे केव्हातरी. तेव्हा तिथे गाडी नसेल.

परतताना मागून माझाच आवाज ऐकला, गावाचं नाव सांगणारा. खिडकी तोवर बंद झाली होती.

७ नोव्हेंबर

आईचा फोन. चिमे, म्हणाली. ओ म्हटलं. चिमे. ओ, आई. चिमे, बाळा, ओ दे ना गं. ओ, ओ, ओ — ती रडायला लागली. मग बाबांचा आवाज, ठेव, आपणच जाऊ.

फोन ठेवल्यावर खूप वेळाने रिकाम्या खोलीत सगळ्या ओ ओळीने वाजल्या. ऐकायला मी एकटी.

नको यायला त्यांनी. नाही — यावं. येऊन थांबावं.

नोव्हेंबर, तारीख —

आज मफलरवाली भेटली. आपल्या जागेवरच बसली होती. म्हणजे रोजच असणार. मीच आज —

बाबांचा कोट खोलीत पडलाय. गरजच नाही. गार काहीच लागत नाही.

तिने विचारलं, माझे बाबा अजून बसतात का. हो म्हटलं. तिला लगेच ऐकू आलं. किती बरं वाटलं, आणि मग किती घाबरले त्या बरं वाटण्याला.

—

आई आलीय. तिकडे. खाली, बाकावर. मांडीवर माझा कोट, घडी न घालता, जणू आत मी आहे.

मी तिच्यासमोर उभी आहे. ती माझ्यातून जिन्याकडे बघतेय. चिमे, म्हणाली.

ओ दिली.

निघाली माझ्याकडून. आता अडीच तास, वर थोडा वेळ. मला आकडा तोंडपाठ आहे, मीच काढलाय —

म्हातारेबाबा तिला सांगतायत, ताई, काही झालं तरी उठू नका, मी एकदा उठलो होतो. आई मान हलवते.

पण बाई दिवे मालवू लागल्या. एक गेला. संस्था बंद होते म्हणतायत, उद्या या.

उठू नकोस. आई, दिलीय मी ओ, हाकेसरशी दिलीय, वाटेत आहे —

थंडीताई हाक मारतायत, बैठक. डोळे मिटायचे नाहीत. मिटले तर —

दुसरा दिवा.

बाबा दारातून म्हणाले, चल. ती कोट उचलते, नाही, नुसती चाचपते, बसलीय अजून, बसलीय, फक्त थोडा वेळ आई, ओ येतेच आहे, बघ आता अगदी दाराशी ये