जीपखालचं मांजर

रत्नागिरी, शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९५४

लष्करातून निघालेली जुनी जीप आज बापू दलालाने दारात उभी केली. डोंगरातल्या वाड्यांवर रोगी बघायला जायचं तर मला चारही चाकं ओढणारी अशीच गाडी हवी. नवी घेण्याची ऐपत नाही. पण हिचा रंग इतका ताजा का? आणि फिनेलचा एवढा वास?

"डॉक्टर, लष्करातून निघाल्यापासून ही मंडणगडच्या डोंगराबाहेर गेलेलीच नाही."

मग शेजारचं मांजर तिच्याखालून का हलेना? कंदील धरून वाकून पाहिलं, तर खालचा पत्रा चाटत होतं. हिने मिरकरवाड्याच्या बंदरावरची मासळी वाहिली असेल, तर पत्रा मिठाने खाल्लेला असणार. मला काय खुळा समजतो?

मांजर दाखवलं, तर बापू म्हणाला, "सावलीला बसलंय हो ते."

दिवस केव्हाच मावळला होता.