साखरेच्या डब्याशेजारचा डबा

४ मार्च, सोमवार
नोकरी लागली, खोलीही मिळाली. खिडकीतून बाग दिसते. वृद्धाश्रमात अकरा जण आहेत, त्यांच्या औषधांची जबाबदारी आता माझी. कपाट रिकामं करून पुसलं, नावांप्रमाणे लावलं. मुदत संपलेल्या सत्तावीस पट्ट्या निघाल्या. मुख्य आयाला सगळे ताई म्हणतात. ती म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी कपाट असंच दिसलं तर चहा माझ्याकडून. सहा नंबरचे आजोबा आयुष्यभर शिंपी होते. माझ्या कोटाची शिलाई बघून त्यांनी नाक मुरडलं.

५ मार्च
सगळे फार शांत. जेवताना माना छातीवर. औषधांच्या तक्त्यात मात्र झोपेचं औषध एकाच्याही नावावर नाही.

६ मार्च
स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी तसाच दुसरा डबा, आत पांढरी पूड. चव कडू. ताईनं काही लपवलं नाही. वारलेल्यांच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या कुटून रोज सकाळी सगळ्यांच्या दुधात. चार वर्षं. प्रमाण? अंदाजानं, चिमूटभर. अकरा जण आणि आपले दोन हात, तूच सांभाळून दाखव, म्हणाली. मी सगळी पूड तिच्यादेखत मोरीत ओतली. पोरी, विस्तवाशी खेळतेस, एवढंच ती बोलली.

८ मार्च
शिंपीआजोबांची नाडी एकशे चोवीस, हात थरथरतात. चार नंबरच्या आजींना भिंतीवर मुंग्या दिसतात. मग लक्षात आलं. चार वर्षांची सवय मी एका दिवसात तोडली. हा प्रश्न परीक्षेत आला होता. उत्तर बरोबर लिहिलं होतं.
आश्रमाच्या डॉक्टरांना फोन केला. अशक्तपणा आहे, असं ते म्हणाले. डब्याचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पूड कुणी ओतली, हेही विचारलं असतं. ते उद्या दुपारी येतील.

९ मार्च, सकाळी आठ
चार नंबरच्या आजींना आकडी आली. ताईनं त्यांच्या तोंडात बोट घातलं — घालायचं नसतं. बोटाची दोन पेरं तुटली. ती मी आजींच्या गालातून काढली. आजी गेल्या.

साडेदहा
जेवणघरात सगळे उभे, भानावर कुणीच नाही. वर्षभर खाटेवर असलेलेसुद्धा. तिघांनी ताईला टेबलावर दाबून धरलं. शिंपीआजोबांच्या हातात मलमपट्टीची कात्री. ते तिला समजावत होते, कापड हललं तर काप वाकडा जातो — गळ्यापासून खाली — ती मला हाक मारत होती — मी पळाले.

औषधांच्या खोलीत. कडी लावली. फोन जेवणघरात राहिला.
दारावर खाटेच्या दांडीचे घाव. वरची बिजागरी सुटली. आजोबा बाहेरून मायेनं सांगताहेत, बाळ, कोट काढून ठेव, रक्ताचे डाग निघत नाहीत.

डॉक्टरांसाठी — डब्यात झोपेच्या गोळ्या होत्या. रोज. तक्त्यात नाहीत. ताई आणि मी, दोघींनाच माहीत. पूड ओतली मी. यांचा दोष नाही — मारू नका यांना — औषध पुन्हा सुरू करा, मग मोजून, दर दोन आठवड्यांनी दहावा हिस्सा कमी — एकदम बंद कधीही