रेघ कुणाला द्यायची

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेली, आज पूर्ण शुद्धीवर आणि चष्मा लावून हे लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणू शकेल असं माणूस घरात उरलेलं नाही, आणि कुत्र्यांना सहीतलं काही कळत नाही. माझ्या फुप्फुसात जी गाठ आहे तिची फिल्म मी स्वतः उजेडाला धरून बघितली आहे. डॉक्टर सहा महिने म्हणाले. मी चार धरते, कारण असल्या फिल्म मी त्यांच्यापेक्षा जास्त बघितल्या आहेत. यापूर्वी मी कुठे, कुणाजवळ, रागाच्या भरात किंवा चहा पिता पिता “हे तुला देईन” असं काही बोलले असेन, तर ते सगळं रद्द समजावं.

कलम पहिले. तळमजल्यावरचं माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं फरसबंद अंगण, ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तिच्यावर कोणताही बोजा नाही. हे घर मी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना देते. अट एवढीच की ते डॅशहाउंड कुत्र्यांच्या उपयोगी पडावं. ज्यांना ही जात माहीत नाही त्यांच्यासाठी: वीतभर उंच, हातभर लांब, कान लोंबते आणि स्वभाव सासुरवाडीला आलेल्या जावयाचा. विक्रीसाठी पिल्लं काढणारे लोक मादी पाच-सहा वेळा व्याली की तिला बाहेर काढतात. पाठ दुखावली की नरालाही काढतात. एकोणीस वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून त्या असंच एक कुत्रं शालीत गुंडाळून आमच्या विभागात घेऊन आल्या. शेवटचा पेशंट गेल्यावर मी गुपचूप फिल्म काढली. माणसांच्या पाठी मी हजारोंनी बघितल्या होत्या, पण एवढ्याशा पायांवर एवढी लांब पाठ कुणी आणि का ठेवली असेल, हा प्रश्न त्या दिवशी जो डोक्यात शिरला तो अजून निघालेला नाही. तेव्हापासून अशी टाकून दिलेली एकशे त्रेसष्ट कुत्री या घरातून नव्या घरी गेली.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते कुत्र्यांच्या पाठीच्या शस्त्रक्रियांसाठी डॉक्टरीणबाईंनी वापरावं. हिशेब मागायला मी नसेन, आणि असते तरी मागितला नसता.

कलम तिसरे. फिल्म बघायची दिव्याची पेटी आणि कपाटातली ‘का?’ असं लिहिलेली जाड वही, दोन्ही डॉक्टरीणबाईंना. वहीत दोनशे बारा प्रश्न आहेत. झोपण्याआधी ती गोल का फिरतात? आणि एकच कुत्रं कायम डावीकडूनच का फिरतं? बिस्किट सतरंजीखाली पुरून झाल्यावर आपल्याकडेच संशयाने का बघतात? रिकाम्या खुर्चीवर भुंकतात, पण त्याच खुर्चीत कुणी बसलं की गप्प होतात, ते का? यांतल्या अकरा प्रश्नांची उत्तरं मला सापडली, त्यांपैकी चार चुकीची निघाली. डॉक्टरीणबाईंनी वही पुढे चालू ठेवावी. “मला वेळ कुठे आहे” असं त्या म्हणतील. तिकडे लक्ष देऊ नये.

कलम चौथे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी माझ्या कुत्र्यांविरुद्ध केलेले चौदा तक्रार अर्ज मी जपून ठेवले आहेत. ते लाल शाईने तपासून, प्रत्येकाला गुण देऊन, फाइलसकट त्यांना परत करावेत. अकरावा अर्ज खरोखर उत्तम आहे. त्यात त्यांनी भुंकण्याचे पाच प्रकार वेगवेगळे ओळखले आहेत, आणि एवढं बारीक ऐकणारा माणूस शेजारी असून मी त्याच्याशी कधी धड बोलले नाही, ही माझीच चूक.

माझा देह वैद्यकीय कॉलेजला द्यावा. माझीही पाठ एकदा कुणीतरी नीट बघावी. या मजकुराला वकीलबाईंनी क्रमांक दिलेला नाही. त्या म्हणाल्या, याचा फॉर्म वेगळा असतो. तोही भरला आहे.

कलम पाचवे. सध्या घरात चार कुत्री आहेत. उशीर, टाचणी आणि मुकादम या तिघांची घरं ठरली आहेत, पत्ते सोबत जोडले आहेत. ही तिन्ही घरं मी स्वतः बघितली आहेत. बघायची माझी पद्धत लोकांना चमत्कारिक वाटते, म्हणून लिहून ठेवते. मी दारात चपला काढते, दोन शब्द बोलते, आणि मग पुढच्या खोलीत जमिनीवर पालथी पडते. हनुवटी फरशीला टेकवून तासभर तिथून बघत राहते. वीतभर उंचीवरून घर वेगळंच दिसतं. कुठली वायर लोंबते, कुठला कोपरा टोकदार आहे, घरातली माणसं चालताना खाली बघतात की नाही, सगळं कळतं. एका घरी यजमानांच्या आईला वाटलं मला चक्कर आली, त्यांनी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. त्या घरी मी लगेच कुत्रं दिलं.

सगळ्यात जास्त मी पायऱ्या बघते. या कुत्र्यांनी पायऱ्यांवरून उड्या मारल्या की मणक्यातली गादी सरकते आणि मागचे पाय जातात. म्हणून माझ्या फॉर्मवर शेवटी तीन शेरे असतात: मंजूर, उतार बसवल्यास मंजूर, नामंजूर. उतार म्हणजे पायऱ्यांवर टाकायची लाकडी फळी, वर रबर ठोकलेलं. हे काम आमचे सुतार पहिल्यापासून करत आले आहेत. नामंजूर झालेल्या माणसाने घरात बदल करून पुन्हा अर्ज दिला तर मी पुन्हा जाते. अर्ज आला नाही तर जात नाही. हा नियम माझाच.

कलम सहावे, रेघ हिच्याबाबत. मादी, तांबूस, वय अकरा, डावा कान फाटका. ही नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिल्यांदा आली, तेव्हा दोन वर्षांची होती. फिल्मवर तिची पाठ पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसली, म्हणून रेघ. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले. घर खायला उठतं म्हणाली, आणि तिने रीतसर अर्ज भरला. नात्याच्या रकान्यात ‘सख्खी बहीण’ असं लिहिलं. मी तिच्या घरी गेले, पालथी पडले, तासभर बघितलं. पुढच्या खोलीतून आत जायला पाच पायऱ्या होत्या. दुसरं कुणी असतं तर मी डोळे मिटून ‘उतार बसवल्यास मंजूर’ लिहिलं असतं. धाकटीला मी नामंजूर लिहिलं.

सख्ख्या बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, हे तेव्हा डोक्यात होतं. आणखीही एक होतं. लहानपणापासून आमच्या घरात धाकटीने मागायचं आणि सगळ्यांनी द्यायचं असंच चालत आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं आणि हो-नाही माझ्या हातात आलं. ते मला आवडलं. मला याची लाज वाटते, आणि हे वाक्य खोडायचं नाही असं मी वकीलबाईंना बजावलं आहे. धाकटीने फॉर्म वाचला, घडी केली आणि “बरं” म्हणाली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

रेघ मी दुसऱ्या एका कुटुंबाला दिली. त्यांच्या घरात पायरीच नव्हती, म्हणून मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. गेल्या वर्षी ते लोक गाव सोडून गेले आणि जाताना रेघेला खोक्यात घालून माझ्या दारात ठेवून गेले. बेल वाजवायचेही कष्ट घेतले नाहीत. आता तिच्या पाठीची रेघ दोन ठिकाणी वाकडी आहे, आणि अकरा वर्षांचं कुत्रं कुणी मागत नाही. बाकीच्यांची सोय झाली. मी गेल्यावर हिचं काय, या एका प्रश्नासाठी खरं तर मी हे मृत्युपत्र लिहायला घेतलं.

गेल्या महिन्यात सुतार माझ्या अंगणातल्या उताराचं रबर बदलायला आले होते. उरलेला तुकडा त्यांनी पिशवीत घातला. कुणासाठी, असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, “तुमच्या बहिणीकडचंही बदलायला झालंय, बाई. दरवर्षी याच सुमारास बदलतो ना.” मी दहा प्रश्न विचारले. माझ्या नकारानंतर आठव्या दिवशी धाकटीने त्यांना बोलावून पाचही पायऱ्यांवर उतार बसवून घेतला होता. मीच सांगितलं असणार असं समजून त्यांनी माझ्याजवळ कधी विषय काढला नाही. म्हणजे ज्या घरात कुत्रं नाही त्या घरात कुत्र्याचा उतार नऊ वर्षं उभा होता, आणि मी तिच्या अर्जाची वाट बघत नियम सांभाळत बसले होते.

तेव्हा या कलमात मी असं लिहिलं होतं: “माझ्या पश्चात रेघ माझ्या धाकट्या बहिणीस द्यावी. घर तपासू नये.” वकीलबाईंनी मसुदा टाइप करून आणला आणि मोठ्याने वाचून दाखवला. मेल्यावर काय होतं याचं मला विशेष कुतूहल नाही. पण रेघेला दारात बघून धाकटी काय म्हणेल हे ऐकायला मी नसणार, हे मला सहन होईना. वकीलबाईंना मी म्हटलं, चार दिवस थांबा.

कलम सातवे, कलम सहामधील बदलाबाबत. गेल्या रविवारी सकाळी मी रेघेला घेऊन धाकटीकडे गेले. रिक्षातून उतरेपर्यंत मला धाप लागली होती. तिने दार उघडलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली.

“तपासायला आलीस?”

मी हो म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

“मग पड खाली. आणि या वेळेला नीट बघ.”

मी पडले. एकाहत्तराव्या वर्षी, एका फुप्फुसावर, बहिणीच्या फरशीला हनुवटी लावून. तिथून मला जे दिसलं ते मी फॉर्मवर लिहिलेलं नाही, इथे लिहिते. एकही वायर लोंबत नव्हती. टेबलाच्या पायांना कापड गुंडाळलेलं होतं, धुऊन धुऊन विटलेलं. उताराचं रबर मधोमध झिजलं होतं. हे कशाने झिजलं, असं मी खालूनच विचारलं. धाकटी म्हणाली, “माझ्या पायांनी. तुझ्या कुत्र्यांसाठी केला आणि माझ्या गुडघ्यांच्या कामी आला.” तेवढ्यात रेघ उठली, तो उतार हुंगत हुंगत सावकाश चढली आणि आत कुठेतरी दिसेनाशी झाली. माझ्याकडे तिने मागे वळून बघितलं नाही, आणि मला बरं वाटलं.

“पुन्हा अर्ज का नाही केलास?” मी विचारलं.

“एकदा केला होता ना, ताई.”

मी तशीच पडून रडले. धाकटी माझ्या शेजारी फरशीवर बसली, कारण मला उठवण्याएवढा जोर तिच्यातही उरलेला नाही. मग मी पिशवीतून मसुदा काढून तिला कलम सहावे वाचून दाखवलं. ‘माझ्या पश्चात’ या शब्दांवर तिने मला थांबवलं.

“म्हणजे कुत्र्यासाठी मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू? आत्ता दे.”

मी दिली. फॉर्म भरला नाही, शेरा लिहिला नाही. घरी परतले तेव्हा हातात नुसता पट्टा होता. रेघ आता माझ्या मालमत्तेचा भाग नाही, सबब कलम सहामधली तिच्याबाबतची तरतूद मी या कलमान्वये रद्द करते. मजकूर मात्र ठेवावा.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. कालच त्यांनी साक्षीदारांचा नियम समजावला: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने त्यावर साक्ष करू नये, केली तर त्याचा वाटा बाद होतो. सुतारांना मी माझी शिडी देणार होते. ते म्हणाले, शिडी राहू द्या बाई, मी सही करतो. दुसऱ्या साक्षीदाराचं नाव वकीलबाईंनी विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं की या कागदातून धाकटीला आता काहीच मिळत नाही.

वरील सर्व मी स्वखुशीने लिहिलं, वाचून बघितलं आणि मला ते मान्य आहे.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: एकोणीस मार्च, बुधवार, सकाळी साडेदहा

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले: सुतार. वरील सही माझ्यासमोर झाली. टेबल हलत होतं, ते मी धरलं होतं.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. वरील सही माझ्यासमोर झाली. सही करणारी माझी सख्खी थोरली बहीण असून तिला मी जन्मापासून ओळखते. तिचं डोकं ठिकाणावर आहे की नाही असं वकीलबाईंनी मला विचारलं. रविवारपासून आहे.