ब्रेकवरची पिशवी

चिमणे,

बॅटरीची स्कूटर कालही ढकलत आणलीस, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? मला काय घरात शोभेला ठेवलंय?

थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, पूर्ण उघडून बघितला. वायर शाबूत आहे, मूठही मोकळी फिरते. बिघाड तिथे नाहीच. तू ब्रेकच्या दांडीला पिशवी अडकवतेस. तिच्या वजनाने दांडी जराशी दबलेली राहते. गाडीला वाटतं ब्रेक लागलाय, ती मोटर बंद करते, मग मूठ कितीही पिळली तरी ढिम्म हलत नाही. तुझ्या आईलाही हीच खोड होती. तिच्याशी भांडून थकलो, तुझ्याशी भांडणार नाही. पुढे हुक बसवलाय, पिशवी तिथे लावत जा.

कोपऱ्यापर्यंत चालवून बघितली. आई गेल्यापासून गाडीवर पहिल्यांदाच बसलो, तेही पुढे. निघण्याआधी ती मागे वळून विचारायची, "बसलात ना नीट?" मी उगाचच थोडा वेळ तसाच थांबलो.

मी दुपारपाळीला चाललोय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

उद्या मला बाजारापर्यंत सोडशील? काम काही नाही.

बाबा