टायटॅनियमची फ्रेम काय म्हणाली

बाबा,

त्या टायटॅनियमच्या फ्रेमची खरी किंमत आज मांडायला बसलो आहे. मजुरी तुम्ही घेतलीच नव्हती, तेव्हा पैसा सोडून द्या. लागले ते अकरा दिवस, दुकानाच्या दाराची एक चौकट आणि त्यानंतरचे तुमचे सगळे रविवार. चौकट मी नंतर बदलून घेतली. रविवारांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

गिरणीत मागांच्या खडखडाटात उभं राहून तुमचे कान गेले, आणि गिरणी बंद पडल्यावर तुमच्याकडे नुसते हात उरले. त्या हातांनी तुम्ही अंधेरीत, इंडस्ट्रियल इस्टेटीच्या रस्त्यावर सायकलचं दुकान मांडलंत. मी इस्टेटीतच लेथवर होतो, पाळी सुटली की तुमच्याकडे यायचो. आपली रीत ठरलेली. वाकलेली फ्रेम सरळ झाली की तुम्ही एकेक नळी पान्याने ठोकायचात आणि माझ्या तोंडाकडे बघत आपल्या मालवणीत विचारायचात, "काय म्हणता रे ती?" धड नळी लांब, स्वच्छ वाजते. तडा गेलेली घसा बसल्यासारखी घरघरते. मी "वाजते" म्हटलं की सायकल गिऱ्हाइकाला, नाही म्हटलं की भंगारात. "हात माझे, कान तुझे," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात. त्याच कानांवर मी पुढे वर आलो. आज माझ्या वर्कशॉपमध्ये मशीन न उघडता सांगतो कुठलं बेअरिंग जाणार आहे. आणि नव्या गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता हेही सांगतो की माझ्या बापाने विमानाच्या धातूची सायकल नुसत्या हातांनी सरळ केली, आणि ती आरे कॉलनीच्या चढावर पळायची.

ते साहेब विमानांचे इंजिनिअर, राहायला विमानतळाच्या कॉलनीत. फ्रेम खांद्यावर टाकून येतात ते मला आत्ताही दिसतात. परदेशातून हौसेने आणलेली सायकल, आणि आरेत टेम्पोने मागून ठोकलेली. रंग न दिलेला करडा धातू. मागचं चाक जिथे बसतं तो सगळा भाग डावीकडे कललेला. "काका, हिला गॅसची बत्ती लावू नका," ते म्हणतात. "तापवली की ठिसूळ होते. थंडच वाकवायची. जमणार नसेल तर राहू द्या." मी हे तुमच्या कानात ओरडतो. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं तुम्हाला नीट ऐकू येतं. "न जमायला काय झालं? साहेब, नीट झाली की रविवारी सकाळी इथूनच जा. मला बघायची आहे."

पोलाद वाकवलं की वाकवल्या जागी राहतं. ही राहत नव्हती. दाराच्या चौकटीत पाइप अडकवून तुम्ही अंग टाकायचात, ती यायची, आणि सोडली की परत होती तिथे. मग पुढच्या नळीपासून मागे दोन्ही बाजूंनी दोरा ताणायचा आणि मधल्या नळीपासूनचं अंतर मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं की फ्रेम सरळ. रोज डावीकडे पट्टीवर तीन-चार सूत, जवळजवळ अर्धा इंच, जास्तच. "माझ्यासारखी आसा," तुम्ही हसून म्हणालात. "वाकता, पण ऐकणा नाय." सातव्या दिवशी चौकट चिरली, ती नाही.

अकराव्या दिवशी आपण दोघं मिळून पाइपवर ओणवे होतो. तेव्हा मला ऐकू आलं. आगपेटीची काडी मोडावी एवढाच आवाज. तुम्हाला तो कळला नाही. सोडल्यावर फ्रेम परत आली आणि नेमकी दोऱ्याला येऊन थांबली. तुम्ही तीनदा मोजलंत. मग पाना घेतलात. गिरणी बंद पडल्यापासून तुमचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. मागच्या सांध्याजवळची उजवी नळी घरघरली. "काय म्हणता रे ती?"

"वाजते, बाबा. झकास वाजते."

साहेब फ्रेम खांद्यावर टाकून घेऊन गेले. चाकं घरी बसवतो म्हणाले. त्या रविवारी तुम्ही दुकानाबाहेर स्टूल टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसलात. दुपारी म्हणालात, "गेले आसतले. बेल मारली आसतली, माका ऐकाक येवक नाय." तुमचा चेहरा बघवेना, म्हणून मी म्हणालो, "गेले ना. मी पाहिलं. तुम्ही पाणी प्यायला आत गेला होतात." मला वाटलं, सुटलो. पुढच्या रविवारपासून तुम्ही पाण्यासाठीसुद्धा आत जाईनासे झालात. चहा बाहेर, जेवणाचा डबा बाहेर, पावसात छत्री धरून बाहेर. गल्लीतले विचारायचे, "काका, कोणाची वाट बघताय?" तुम्ही सांगायचात, "माझी सायकल जायची आसा." तुम्ही गेलात त्याच्या आदल्या रविवारपर्यंत हे चाललं.

तुम्हाला काहीही सांगायचं तर ओरडावं लागायचं, आणि हे सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडण्यासारखं नव्हतं. तुम्हाला वाचता येत होतं. मी लिहून देऊ शकलो असतो. इतकी साधी गोष्ट मला आत्ता, केस पांढरे झाल्यावर सुचली. हा कागद आता तुमच्या त्या पान्याखाली ड्रॉवरमध्ये राहील, आणखी कुठे जाणार?

एकच राहिलं. साहेब फ्रेम घेऊन गेले त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी सांध्यावरून नख फिरवलं आणि केसाएवढी चीर मला दाखवली. "काकांना मी काय सांगू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही सांगू नका. फक्त दुकानासमोरून जाऊ नका." मग त्यांच्या गॅलरीच्या भिंतीत मीच हूक ठोकला आणि फ्रेम टांगली. तिला पुन्हा चाकं लागली नाहीत.